रेजिनाचं मत

माणूस मेला की त्याचं नाव मतदार यादीतून आपोआप जात नाही. कोणीतरी तोंड उघडून सांगावं लागतं. पास्कूमामांनी सांगितलं नाही. त्यांच्याबद्दल लिहायचं तर इथूनच लिहायला हवं, कारण बाकी सगळ्या बाबतीत माणूस सरळ होता.

अंधेरीच्या पूर्वेला, मरोळच्या अलीकडे त्यांचं गावठण. ते तिथले मूळचे, ख्रिस्ती, घरात मराठी बोलणारे. बापजाद्यांची भातशेती कारखान्यांखाली गेली आणि त्यातल्याच एका कारखान्यात पास्कूमामा फिटर झाले. आम्ही कणकवलीकडचे. माझा नवरा गिरणीत होता. लालबागची खोली दिराला सोडून आम्ही पास्कूमामांच्या अंगणातल्या खोलीत भाड्यानं आलो. समोरच्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत मला आयाची नोकरी लागली. मुलांची नाकं पुसायची, वर्ग झाडायचे, घंटा वाजवायची. निवडणूक आली की मतदान त्याच शाळेत असायचं, म्हणून मला ते सगळं बघायला मिळालं.

पास्कूमामा उंच, हाडकुळे, थोडे वाकलेले. कान मोठे. एरवी खाकी हाफपँट आणि बनियन. फुलपँट दोनच वेळा चढायची, रविवारी चर्चला जाताना आणि मतदानाच्या दिवशी. त्या दिवशी दाढी करून, डोक्याला खोबरेल लावून ते पहाटेच शाळेच्या गेटवर उभे राहायचे. मी कुलूप काढायला गेले की म्हणायचे, "शेवंते, रात मोठी झाली आज."

दिल्लीत बहुतेक वर्षं ज्यांचं राज्य असायचं त्या पक्षाचे ते पोलिंग एजंट. पगार नाही, पद नाही. दुपारचा वडापाव आणि चहा, एवढंच. एजंटाचं काम असं, की अधिकारी मतदाराचं नाव मोठ्यानं वाचतो आणि समोर उभं राहिलेलं माणूस तेच आहे का, हे एजंटानं बघायचं. नसेल तर हरकत घ्यायची. हरकत खरी ठरली तर त्या माणसाला पोलिसांच्या ताब्यात देतात. बाकीचे एजंट यादीत डोकं घालून बसायचे. पास्कूमामा यादीकडे नंतर बघायचे, आधी तोंडाकडे.

"मुंडी वर कर," ते म्हणायचे. फादर असो, इन्स्पेक्टर असो, नवी नवरी असो, सगळ्यांना तेच. मग क्षणभर बघायचे आणि म्हणायचे, "वलखला." बाई असली तर, "वलखली." त्यांनी असं म्हटल्याशिवाय अधिकारीसुद्धा पुढे सरकायचे नाहीत. लोक हसायचे, पण मान वर करायचे.

ऐंशी सालच्या निवडणुकीत एक पोरगा गोन्साल्विसांच्या जॉनच्या नावावर मत द्यायला आला. जॉन जहाजावर कामाला, वर्षातून एकदा घरी यायचा. कोणीतरी हेरून पाठवला असणार. पास्कूमामांनी त्याला ओळखलं नाही, पण तसं बोलले नाहीत.

"तू जॉन?"

"हो अंकल."

"मंग तुमचा कुत्रा मना काल चावला, त्याचं काय करायचं?"

पोरगा गडबडला. "सॉरी अंकल. बांधून ठेवतो यापुढे."

"जॉनच्या घरात कुत्रा नाय," मामा अधिकाऱ्याला म्हणाले. "कवाच नव्हता. त्याची आय कुत्रा बगून झाडावर चडंल."

पोरगा दारातून जो सुटला तो थेट रस्त्यावर. शिपाई मागे धावायला लागला तर मामांनी हात आडवा केला. "पलू दे. शरम हाय म्हणून पलतंय." सगळा वर्ग हसत होता. ते हसले नाहीत. जॉन आला तेव्हा मात्र त्याला अंगणात बोलावून ऐकवलं, की मताच्या टायमाला घरी नसलास तर तुझ्या नावानं कोणी पण जगतो.

त्यांची बायको रेजिनाबाई त्यांच्या अगदी उलट. ठेंगणी, जाड, आवाज चार घरं पलीकडे जाणारा. नाताळात फुगिया, म्हणजे मैद्याचे फुगलेले गोळे, तळायची आणि पहिला घाणा माझ्या पोरांना द्यायची, स्वतःच्या नवऱ्याला नाही. मत द्यायला सगळ्यांत शेवटी यायची, स्वयंपाक आवरून. तिलासुद्धा मामा म्हणायचे, "मुंडी वर कर." ती म्हणायची, "हीच मुंडी घेऊन तुज्यासंगं तीस वर्सं काडली, अजून बगायचीय?" पण मान वर करायची.

संध्याकाळी अंगणात मग रोजच्यासारखं भांडण.

"कोनाला दिलंस?"

"देवाला सांगीन, तुना नाय."

"मी नवरा हाय तुजा."

"मंग नवऱ्यासारका ऱ्हा. एजंट तू तिकडं शालंत."

मामा चिडून विडी पेटवायचे. अख्ख्या गावठणात कोणाचं मत कुठे गेलं ते त्यांना माहीत असायचं. बायकोचं कधीच कळलं नाही. मी एकदा रेजिनाबाईला विचारलं, सांगून टाक ना, काय बिघडलं? तर म्हणाली, "गे बाय, या घरात माजं म्हणून तेवढंच तर हाय."

पुढे रेजिनाबाईला कावीळ झाली. आधी पाल्याचं औषध, मग हॉस्पिटल, सगळं उशिरा. चर्चच्या मागे पुरली. मुलगा आखातात होता, तो आला आणि गेला. मामा रडले नाहीत, निदान माझ्यासमोर नाही. दुसऱ्या दिवशी अंगणातला नळ गळत होता तो दुरुस्त करत बसले.

त्यानंतर यादी तपासायला आमच्याच शाळेतले एक मास्तर घरोघरी फिरत आले. मामा ओट्यावर स्टोव्हची पिन साफ करत होते. मी नळावर धुणं धूत होते.

"घरात कोण कोण परेरा?" मास्तरांनी विचारलं.

"मी. पोरगा भायेर हाय, त्याचं खोडा."

"आणि रेजिना पास्कोल परेरा?"

मामांनी पिन उजेडात धरून बघितली. "हाय."

मास्तर नवीन होते, त्यांना काय माहीत. त्यांनी खूण केली आणि पुढच्या घरी गेले. मी साबणाचा हात तसाच धरून मामांकडे बघत राहिले.

"मामा, हे काय सांगितलंत?"

"काय सांगितलं?"

"रेजिनाबाई आहे म्हणून."

"त्यांनी लिवलंय. मी कशाला खोडू?" एवढं बोलून त्यांनी स्टोव्हला पंप मारायला सुरुवात केली, मोठा आवाज होईल असा. मी धुणं पिळलं.

मग पंतप्रधान बाईंचा खून झाला आणि त्या थंडीत निवडणूक लागली. अशी गर्दी मी शाळेत कधी बघितली नव्हती. गिरण्यांचा संप होऊन गेला होता, माझा नवरा घरी बसलेला होता, आमच्यासारख्या संपवाल्या घरांत मामांच्या पक्षाबद्दल राग होता. तरी त्या घरांतल्या बायका डोळे पुसत रांगेत उभ्या. एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं एका रांगेत. पास्कूमामांच्या पक्षाला त्या दिवशी एजंटाची गरजच नव्हती. दुपारी मी चहा घेऊन गेले तर त्यांनी कप बाजूला ठेवला. म्हणाले, "शेवंते, आज कोन मत द्याला नाय आलंय. सगली मयताला आलीत."

दिल्लीत त्यांचा पक्ष कधी नव्हता एवढ्या मोठ्या बहुमतानं आला. इथे रात्रीपर्यंत ढोल वाजले. मामा नाचायला गेले नाहीत. मतदान संपलं तेव्हा मी वर्गातले कप गोळा करत होते आणि ते आपल्या यादीवरून बोट फिरवत होते. आलेल्यांच्या नावांवर रेघा होत्या. एका नावावर बोट थांबलं.

"रेजिना नाय आली," ते म्हणाले. डोकं दुखतंय म्हणून बाई घरी राहिली असावी, तसं म्हणाले. मग यादी घडी करून खिशात टाकली. "तिचं मत हाय अजून."

मी कप खाली ठेवले. म्हटलं, "मामा, उठा, मला बाक लावायचेत."

मधल्या वर्षांत आमचा भाग बदलला. बदलला म्हणजे काय, बघता बघता गावठण बेटासारखं झालं. उरलेल्या भाताच्या खाचरांवर चार मजली बिल्डिंगी आल्या, त्यात गुजराती दुकानदार आले, विमानतळावर काम करणारे मल्याळी आले. गिरण्या बुडाल्यावर परळ-लालबागची आमची कोकणी माणसं स्वस्त खोल्या शोधत आली. मागच्या टेकडीवर दगडाची खदान होती. तिथे आधी मद्राशी झोपड्या होत्या, मग उत्तर प्रदेशातली माणसं आली, त्यांच्या बाजूला कापड शिवणारे मुसलमान आले.

पूर्वी पक्षाची माणसं पास्कूमामांच्या ओट्यावर बसून विचारायची, "मामा, गावठणाचं काय?" मामा घर नि घर सांगायचे आणि ते तसंच पडायचं. आता ती माणसं विचारायची, "मामा, बिल्डिंगींचं काय? खदानीचं काय?" मामा त्यांच्याबरोबर जिने चढायचे. वर गुजराती बाई पाण्याचं विचारायची. बाजूच्या चाळीतली आमची कोकणी माणसं म्हणायची, मुलांना नोकऱ्या कोण देणार, तेवढं सांगा. खदानीवर एकच प्रश्न, झोपडी तोडणार की नाही. मुसलमान शिंप्याला दिल्लीत कोण बसतो याची भीती होती आणि ती त्यानं मोकळेपणानं बोलून दाखवली. एका घरात तर बाप एका पक्षाचा, पोरगा दुसऱ्याचा, आणि सून म्हणाली मी तिसऱ्यालाच देणार. मामा खाली उतरले ते थेट माझ्या दारात आले.

"पूर्वी एका घरात इचारलं का गाव कलायचं," ते मला म्हणाले. "आता एका घरात इचारलं तर ते घरच कलत नाय."

बिल्डिंगीतल्या एका पोरानं तर त्यांनाच विचारलं, "अंकल, आप कौन?"

"मी हितला," मामा म्हणाले.

"कोणत्या विंगमध्ये?"

ते मला सांगताना मामा हसले, पण हसू नीट उमटलं नाही. मग म्हणाले, "दिल्लीचं राज हितं बनतं, आपल्या बाकड्याम्होरं. नि ज्या हातांनी बनतं, ते हात मना ठाव नाय."

एकोणनव्वदच्या निवडणुकीत अठरा वर्षांच्या पोरांना पहिल्यांदाच मत मिळालं. रांगेत निम्मी तोंडं कोवळी. मामा नेहमीसारखे फुलपँट घालून, तेल लावून बसले. त्यांच्या शेजारी विरोधी पक्षाचा एजंट, बाजूच्या चाळीतला दीपक सावंत. लहानपणी रेजिनाबाईच्या फुगियांवर वाढलेला पोरगा. मला मतदानाच्या साहेबांनी खिडकीजवळ स्टुलावर बसवलं होतं. बुरखा किंवा घुंगट घेतलेल्या बाया आल्या की आत नेऊन त्यांचं तोंड बघायचं आणि ठीक आहे म्हणून सांगायचं.

सकाळपासून मामा "वलखला" फार कमी वेळा बोलले होते. मद्राशी बायकांना "मुंडी वर कर" कळेना, मग ते हनुवटीखाली बोट धरून खूण करायचे. बाया रागावायच्या. दीपक एकदा म्हणाला, "मामा, राहू द्या ना. कोणाकोणाला ओळखणार?" मामांनी पुढच्या बाईच्या हनुवटीखाली बोट धरलं.

दुपारी बायकांच्या रांगेतून एक बाई आली. डोक्यावरून छातीपर्यंत घुंगट. तिनं चिठ्ठी पुढे केली. साहेबांनी यादीत बघितलं आणि मोठ्यानं वाचलं, "रेजिना पास्कोल परेरा."

दीपकनं झटकन मान वर केली. मामांची पेन्सिल कागदावर टेकलेली होती, ती तशीच राहिली.

साहेब बाहेरगावचे. त्यांना नावाशी काही देणंघेणं नव्हतं. "आयाबाई, जरा तोंड बघून घ्या."

मी उठले, घुंगट उचलला. खदानीवरची फुलमती. तिची मुलगी आमच्या शाळेत दुसरीत होती. नवऱ्याचा पाय दगडाखाली गेल्यापासून हीच खडी फोडायची. रोज शाळेच्या नळावर पाणी भरायला यायची, तेव्हा माझ्याशी दोन शब्द बोलायची. आता तिचे ओठ हलत होते. मी नीट बघितलं. नाव पाठ करत होती. रेजिना पास्कोल, रेजिना पास्कोल.

खदानीच्या मुकादमानं बायांना यादीतल्या मेलेल्या-गेलेल्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या वाटल्या होत्या, हे मला सकाळीच कळलं होतं. मुकादम मामांच्याच पक्षाचा. त्यानं खदानीवर पसरवलं होतं, की ज्याच्या बोटाला शाई लागेल त्याच्या झोपडीला सरकार हात लावणार नाही. शाई म्हणजे इथे राहत असल्याचा दाखला. त्या बाया ते खरं धरून चालल्या होत्या. मत कोणाला, याचं त्यांना काही नव्हतं. त्या बोटासाठी आल्या होत्या.

"काय बाई, हीच का?" साहेबांनी विचारलं.

"मला तोंड बघायला बसवलंय साहेब, नाव सांगायला नाही," मी म्हटलं. "तोंड बाईचं आहे."

रांगेत कोणीतरी फिदीफिदी हसलं.

दीपक हळू आवाजात म्हणाला, "मामा, तुम्ही बोलताय की मी बोलू?"

दोन शब्दांचं काम होतं. रेजिना मेली. ते म्हटलं की फुलमती पोलिसांच्या गाडीत, आणि रेजिनाबाई यादीतून कायमची बाहेर. नाही म्हटलं तर परकी बाई रेजिना होऊन आत जाणार, आणि एवढी वर्षं शिल्लक राहिलेलं ते मत संपणार. मामांनी जन्मात कधी खोटं माणूस खरं म्हणून सोडलं नव्हतं. दीपक ते जाणत होता, म्हणून थांबला होता.

पास्कूमामा उठले. एजंट जागेवरून उठत नाही, ते कधी उठले नव्हते. बाकाला वळसा घालून फुलमतीसमोर येऊन उभे राहिले.

"मुंडी वर कर."

तिला शब्द कळले की नाही कोण जाणे, तिनं मान वर केली. घुंगट मी धरून ठेवला होता. मामा बघत राहिले. बाहेर रांगेत एक पोर रडत होतं, त्याची आई त्याला दम देत होती. साहेबांनी घसा खाकरला. मी मामांच्या तोंडाकडे बघितलं आणि मला पहिल्यांदा त्यांची भीती वाटली, कारण ते फुलमतीकडे बघत नव्हते. तिच्या जागी दुसऱ्याच कोणाला तरी बघत होते.

"वलखली," मामा म्हणाले.

दीपकनं पेन्सिल खाली ठेवली. हरकत घेतली नाही. "पुढे," साहेब म्हणाले.

फुलमतीच्या बोटाला शाई लागली, अंगठा झाला, मतपत्रिका आणि शिक्का हातात दिला. ती पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली आणि बराच वेळ बाहेर येईना. साहेब ओरडले, "बाई, आटपा!" मग आली, घडी पेटीत टाकली आणि शाईचं बोट दुसऱ्या कशाला लागू नये असं ताठ धरून निघून गेली.

मामा जागेवर येऊन बसले. रेजिनाबाईच्या नावावर त्यांनी रेघ मारली, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग एजंटाचा पास टेबलावर ठेवला. "मी चाल्लो," म्हणाले. मतदान संपायला अजून बराच वेळ होता.

संध्याकाळी पक्षाचा एक माणूस अंगणात आला आणि त्यानं मामांच्या खांद्यावर हात टाकला. "मामा, झकास! काकीचं मत पण काढलंत!" मामांनी तो हात अंगावर पडलेला सुरवंट काढावा तसा काढला. त्यानंतर ते पक्षाच्या ऑफिसात गेले नाहीत.

दिल्लीतलं राज्य बदललं. आमच्या भागातसुद्धा मामांच्या पक्षाची मतं घटली. कोणी म्हणालं गिरणीवाल्यांनी पाडलं, कोणी म्हणालं बिल्डिंगींनी, कोणी म्हणालं नव्या पोरांनी. मला विचाराल तर प्रत्येकानं आपापल्या दारातलं दुखणं बघून शिक्का मारला, आणि ती सगळी दुखणी मिळून दिल्लीला गेली. मामांना यातल्या कशाचं काही नव्हतं. त्यांच्या डोक्यात एकच.

"शेवंते, कोनाला दिलं असंल?"

"कोणी? फुलमतीनं?"

"रेजिनानं."

मी भाकऱ्या थापत होते. पीठ झटकलं आणि सरळ सांगितलं, "मामा, रेजिनाबाई मेलीय. तुम्ही आणि मी मिळून तिला माती दिली. ती बाई खदानीची आहे."

"मंग मी वलखली कशी?"

मी पुढची भाकरी तव्यावर टाकली. ते ओट्यावर बसून राहिले. तसे ते पुढे रोज बसू लागले, दाराकडे तोंड करून नाही, घराच्या आतल्या बाजूला तोंड करून. एकटेच असताना मध्येच म्हणायचे, "सांग ना गे." माझी धाकटी पोर घाबरून त्यांच्या घरात जाईनाशी झाली. मी तिला रागावले, पण मलाही तिन्हीसांजेला त्यांच्या दारावरून जाताना पाय उचलावासा वाटायचा.

दोनेक महिन्यांनी एका सकाळी खदानीवर तोडायला गाड्या आल्या. शाळेपर्यंत पत्र्यांचे आवाज येत होते. मधल्या सुट्टीत मामा गेटवर आले. फुलपँट घातलेली. "चल माज्यासंगं. तुज्याशी बोलंल ती."

आम्ही वर गेलो. पत्रे, बांबू, चिंध्या, रडणारी पोरं. बाया अधिकाऱ्यासमोर डाव्या हाताचं बोट नाचवत होत्या. "साहब, देखो! स्याही देखो!" शाई नखाच्या टोकाशी उरली होती. अधिकारी वाईट नव्हता, थकलेला होता. "त्याचा काही संबंध नाही हो बाई," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. फुलमती ट्रंकेवर बसली होती. ती बोट दाखवत नव्हती. तिचा नवरा भिंतीच्या मातीत लंगडा पाय पसरून बसला होता.

मामा तिच्यासमोर उकिडवे बसले.

"मत कोनाला दिलंस?"

मी हिंदीत सांगितलं. ती आधी घाबरली, मग मामांकडे बघत राहिली. हा म्हातारा कोण आणि त्यानं तिला का सोडलं, हे तिला कळलेलं असावं. खदानीवर बातमी लपत नाही.

"किसी को नहीं दिया, बाबा," ती म्हणाली. "कोरा डाला. आपकी घरवाली का था. मैं कैसे मारती ठप्पा?"

मला वाटलं मामांना बरं वाटेल. म्हातारा सुटेल एकदाचा. मामांनी मान हलवली, दोनदा. त्यांचं तोंड एकदम लहान झालं.

"म्हंजे आली," ते म्हणाले. "आली, नि कायच नाय बोल्ली."

मागून अधिकारी आला. "आजोबा, बाजूला व्हा, पत्रा पडेल. तुम्ही कोण यांचे?"

 मामा गुडघ्यावर हात टेकून उठले आणि उतरणीला लागले.

मी मागे राहिले. फुलमतीच्या भांड्यांची गाठ सुटत होती, ती बांधून दिली. दिंडोशीच्या पलीकडे कुठे तरी नातेवाईक आहेत, तिकडे जाणार म्हणाली. मला राहवेना. मी विचारलं, "फुलमती, खरं सांग. कोरं टाकलंस?"

तिनं घुंगट पुढे ओढला. "मुँह देखा ना आपने बाई. हाथ थोड़े देखा."

खाली उतारावर पास्कूमामा चालत होते. रेजिनाबाई बरोबर असली की ते नेहमी रस्त्याच्या बाजूनं चालायचे, तिला भिंतीकडून घ्यायचे. दोघं चर्चला जाताना मी किती वेळा बघितलं होतं. आता एकटेच होते. खडीचा ट्रक भोंगा वाजवत वर चढला. भिंतीकडे अख्खी जागा मोकळी होती, तिकडे एक पाऊल सरकले असते तर झालं असतं. सरकले नाहीत. तिथेच, ट्रकला जवळजवळ अंग लावून उभे राहिले आणि भिंतीकडच्या बाजूला हात आडवा धरला. ट्रक गेला. हात खाली केला. मग वळणावरून दिसेनासे झाले.